सालईढाण्याचा सरकारी दौरा

प्रयोग सुरू करण्याआधी त्याच्या अटी कागदावर लिहून काढाव्यात, असे मला एम.एस्सी.ला दोन वर्षे शिकवले होते. तरी आमच्या घरातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगाच्या अटी मी लिहिल्या नाहीत. त्या बाबांनी लिहिल्या.

१९७३ चा डिसेंबर. जमिनीखालचे पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात मला नेमणूक मिळाली होती. आदल्या वर्षीच्या दुष्काळामुळे सरकारला या पाण्याची एकाएकी आठवण झाली होती, खडक ओळखणारी माणसे कमी पडत होती, आणि त्या टंचाईत एका मुलीचेही नाव यादीत लागले होते. पत्राच्या शेवटी दोन वाक्ये होती: ‘वर्षातील सुमारे आठ महिने तंबूत वास्तव्य करावे लागेल. होकार अथवा नकार २४ डिसेंबरपर्यंत कळवावा.’

‘तंबूत’ या शब्दाखाली बाबांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली.

माझे वडील मार्तंडराव एकतीस वर्षे एका कचेरीत आवक-जावक सांभाळून जूनमध्ये निवृत्त झाले होते. ते कशालाच हो किंवा नाही म्हणत नसत. सगळ्यांची मते मागवून घेत. आई म्हणाली, “तिला जायचंय, तर जाऊ द्या.” हे मत नोंदले गेले, पण त्याला वजन नव्हते. वजन होते यमुताईंच्या मताला. यमुताई म्हणजे माझी आत्या, बाबांहून नऊ वर्षांनी मोठी, एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. तेव्हापासून तिने आमच्या घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती आणि आमच्या घरात एकही निर्णय तिच्याशिवाय झाला नव्हता.

“तंबूत कोण राहतं? सर्कशीतले लोक,” आत्या म्हणाली. “आणि वाघ.”

“वाघ तंबूत राहत नाहीत, आत्या.”

“बाहेर राहतात ना? मग झालं.”

चार दिवस विचार करून बाबांनी एक फुलस्केप कागद काढला. सर्व कुटुंबाने जंगलात दोन रात्री तंबूत राहून पाहायचे. त्या काळात कोणीही आजारी पडता कामा नये, कोणीही उपाशी राहता कामा नये, आणि यमुताईंची नापसंती नोंदली जाता कामा नये. एकही अट मोडली तर नकार कळवण्यात येईल. नकारानंतर काय, तेही ठरले होते. रायपूरचे एक बँकेतले स्थळ उत्तराची वाट पाहत होते. मुलगा चांगला होता, त्याच्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. फक्त त्याच्या चार पानी पत्रात खडकाचा उल्लेख कुठेही नव्हता.

बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. शेजारचे मधुकरराव आयुष्यात रामटेकच्या पलीकडे गेले नव्हते, पण जंगल हा त्यांचा खास विषय होता.

“अस्वल दिसलं तर पळायचं नाही,” त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितले. “जिथल्या तिथे उभं राहायचं.”

“आणि वाघ दिसला तर?” आईने विचारले.

“तर पळालात तरी चालेल. काही फरक पडत नाही.”

त्यांच्या सांगण्यावरून बाबांनी जरीपटक्याच्या बाजारातून एक पेट्रोमॅक्सची बत्ती आणली. दुकानदाराने “बाऊजी, शादी किसकी है?” असे विचारल्यामुळे ते ती पिशवीत दडवून मागच्या दाराने घरी आले. तंबूच्या वेळी तर याहून वाईट झाले. नागपुरात त्या दिवसांत साधा खाकी तंबू भाड्याने मिळतच नसे. शेवटी मधुकररावांच्या ओळखीने, मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या एका बिछायत केंद्राने आम्हाला लग्नातल्या आचाऱ्यांचा तंबू दिला. लाल-पिवळे पट्टे, चारी बाजूंनी झालर, आणि आत नाक खुपसले की बुंदीचा वास.

पण खरा अडथळा होता परवानगीचा. सालईढाणा हे गाव मी नकाशावरून निवडले होते. नरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगरांत, चाळीस घरांची वस्ती. तिथे मुक्काम करायचा तर जंगल खात्याचा छापील अर्ज भरावा लागे. त्यात ‘मुक्कामाचे प्रयोजन’ या रकान्यात चारच पर्याय छापलेले होते: शिकार, लाकूडतोड, तेंदूपत्ता, सरकारी दौरा. ‘नको ते खोडावे.’

“कौटुंबिक असं कुठे लिहायचं?” बाबांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारले.

“फ्यामिली घेऊन जंगलात कोण जाते, साहेब? अंबाझरीले जा. भेळ खा. घरी या.”

बाबा तीन दिवस चकरा मारत होते. तिसऱ्या दिवशी त्या कारकुनाने आपल्याच पेनाने पहिले तीन पर्याय खोडले आणि अर्ज सहीसाठी पुढे सरकवला. बाबांनी सही केली. त्यांनी खोटे काही लिहिले नव्हते, खरे लिहायला ज्यात जागाच ठेवलेली नाही अशा कागदावर त्यांनी फक्त सही केली होती. हा फरक त्यांनी मला घरी येईपर्यंत चार वेळा समजावून सांगितला. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘प्रत: पोलीस पाटील, माहितीसाठी’ असे छापले होते. ज्या माणसाने एकतीस वर्षे अशा प्रती पाठवल्या, त्याने ही ओळ वाचली नाही.

गाडी चंपतरावांची होती. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. कधीकाळी त्यांचा हरवलेला अर्ज बाबांनी दुसऱ्याच फायलीतून शोधून काढला होता, तेव्हापासून ते बाबांसाठी काहीही करायला तयार असत. लिलावात घेतलेली त्यांची जीप १९ तारखेला सकाळी दारात आली. सामान चढवताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, एक बात हाय. हे गाडी मांगं जात नाही.”

“म्हणजे?”

“रिवस नाही तिले. पण मांगं कायले जा लागते? आपल्याले पुढंच जायचं हाय ना!”

तर्कात चूक सापडेना, म्हणून मी पुढची वळकटी उचलली.

आत्याच्या सामानात एक सोवळ्याची पेटी, तांब्याचे घंगाळ, तिचा स्वतःचा तवा आणि चुलीसाठी तीन विटा होत्या. चुलीला तिथे दगड मिळतील, असे मी म्हटले. “कोणाचे?” तिने विचारले. विटा चढल्या.

काटोल, नरखेड ठीक पार पडले. त्यानंतर रस्ता संपून गाडीवाट सुरू झाली, आणि पहिल्याच चढणीवर समोरून कापसाने भरलेल्या अकरा बैलगाड्या आल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नाला. कोणीतरी मागे जाणे भाग होते. भरल्या गाडीचा बैल मागे जात नाही, आणि आमची जीपही त्याच मताची. पाऊण तास चर्चा होऊन अकरा गाडीवान आणि आमचे कुटुंब यांनी मिळून जीप दोनशे मीटर मागे ढकलली. शिवाशिव नको म्हणून आत्या आतच बसून राहिली.

“यमुताई, जरा उतरता काय?” चंपतराव धापा टाकत म्हणाले.

“मी उतरले तर तुम्ही ढकलाल कोणासाठी?” आत्या म्हणाली.

सालईढाण्याच्या वेशीवर शाळेची मुले दोन रांगांत उभी होती. मास्तरांनी इशारा करताच ती ‘जय हिंद’ ओरडली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ झेंडूचे हार घेऊन पुढे आले. ते पोलीस पाटील रुपराव. बाबांच्या गळ्यात हार पडला आणि त्याच क्षणी त्यांना ती तळाशी छापलेली प्रत आठवली असावी, कारण ते एकदम पांढरे पडले.

“पाटील, काहीतरी घोटाळा...” त्यांनी सुरुवात केली.

“घोटाळेच घोटाळे हायेत, साहेब,” रुपराव म्हणाले. “सारे सांगतो. पयले तंबू लावून घ्या.”

तंबूचे पट्टे उलगडले तेव्हा गर्दीतून कुजबूज झाली. चंपतरावांनी ती मला नंतर सांगितली. नायब तहसीलदाराचा तंबू पांढरा असतो, मोठ्या साहेबाचा हिरवा. इतका रंगीत म्हणजे साहेब फारच वरचा असला पाहिजे.

मी बाबांना म्हटले, आत्ताच खरे सांगून टाकू. तेही तयार झाले. पण तेवढ्यात एका म्हाताऱ्याने घामेजलेला कागद पुढे केला, आणि बाबांचा हात आपोआप पुढे झाला. तो हात एकतीस वर्षांचा होता. सहा महिने रिकामा बसला होता. कागदावरून एक नजर फिरवून ते म्हणाले, “याच्यावर तारीख नाही. तारखेशिवाय अर्ज चालत नाही. बसा.” म्हातारा बसला. त्याच्यामागे आणखी सोळा जण बसले. बाबांनी वहीत ओळी आखल्या, क्रमांक घातले, आणि ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना तो लिहून द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला ते सांगत, “मी साहेब नाही बरं. मी फक्त लिहून देतोय.” प्रत्येक जण “हाव साहेब” म्हणे.

प्रयोगाकडे वळते. पहिल्या अटीचा भंग संध्याकाळी सहाला झाला: रुपरावांनी आग्रहाने खाऊ घातलेला ज्वारीचा हुरडा बाबांना बाधला. दुसरीचा भंग सकाळी आठला झाला: आईने बांधून आणलेल्या दशम्या, लाडू आणि लोणच्याची बरणी वानरांनी नेली. बरणी त्यांनी परत टाकली, फुटलेली. तिसऱ्या अटीला तर पहिल्या रात्रीपर्यंत चार वेळा तडा गेला होता. तंबूत बुंदीचा वास येतो. जमीन सपाट नाही. झालरीमुळे तमाशाच्या फडात बसल्यासारखे वाटते. आणि कोल्हे ओरडतात ते मुद्दाम. बाबा दर वेळी पोटावर हात ठेवून वही उघडत आणि ‘यमुताई, नापसंती’ असे वेळेसह लिहीत. दुसऱ्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी वाऱ्याच्या एका झोताने तंबूही पडला. मातीत खुंट्या धरत नव्हत्या. जेमतेम वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पडलेल्या कापडाखालून बाबांचा आवाज आला, “चारू, प्रयोग संपला असं मी समजतो.”

खडक किती वर आहे हे मला, एम.एस्सी. प्रथम श्रेणीला, खुंटी ठोकताना कळायला हवे होते. नोकरी गेल्याच्या दुःखापेक्षा हे मला जास्त लागले.

लगेच परत निघायचे तर जीप नाही. चंपतरावांनी ती धुवायला नाल्यात नेली होती आणि नेमकी एका मोठ्या धोंड्याला नाक लावून उभी केली होती. मागे ओढायला बैल हवेत, आणि गावातले सगळे बैल त्या अकरा गाड्यांबरोबर बाजाराला गेलेले. ते २३ तारखेला येणार होते.

“सांगितलं होतं ना बाई, मांगं जात नाही म्हणून!” चंपतराव मलाच म्हणाले.

राहणे भाग झाले. खुंट्यांऐवजी धोंड्यांना दोऱ्या बांधून तंबू पुन्हा उभा केला. आणि राहायचे तर आत्याला पाणी हवे. ती रोज सूर्योदयापूर्वी गार पाण्याने आंघोळ करून, स्वतः भरलेल्या पाण्यानेच स्वयंपाक करी. सालईढाण्यात पाण्याचीच रड होती. सरकारने मागल्या उन्हाळ्यात खणलेली विहीर पाटलांच्या दाराशी होती, पस्तीस फूट खोल आणि कोरडी. बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करून, वाटी-वाटीने घागर भरत. पहिले दोन दिवस आत्याने नाल्यातल्या डबक्यावर भागवले आणि दातावर दात वाजवत परतली. तिसऱ्या पहाटे ती तवा-उलथणे घेऊन निघाली. बायकांच्या खड्ड्याला सगळ्यांच्या घागरी लागलेल्या, तो चालायचा नाही. म्हणून काठाच्या वरच्या अंगाला, दगडाच्या पट्ट्याखाली, तिने स्वतःचा सोवळ्याचा खड्डा उकरायला घेतला.

“तिथी काई नाई वं माय, नुसता दगड हाय,” घागर भरत बसलेली बायजाबाई तिला म्हणाली.

“दगड तर दगड. माझा तरी असेल,” आत्या म्हणाली.

अर्ध्या तासाने ती ओलेत्याने तंबूपाशी आली. चेहरा रागाने लाल.

“चारू, हे पाणी कोणी तापवलं?”

“कोणतं पाणी?”

“माझ्या खड्ड्यातलं! कोमट आहे. माझी कीव करून कोणी वर आधण ओतलं असेल, तर सांगून ठेवते, मला असले लाड चालत नाहीत.”

मी थर्मामीटर घेऊन धावले. नाल्यातल्या डबक्याचे तापमान अकरा अंश. आत्याच्या खड्ड्याचे पंचवीस. पुन्हा मोजले, पंचवीसच. वरच्या थराचे पाणी रात्रीच्या थंडीने गार होते, पण खोलातून येणारे पाणी हिवाळा असो की उन्हाळा, आपले तापमान सोडत नाही. मी काठ उकरून पाहिला. दोन काळ्या थरांच्या मध्ये वीतभर लाल, विटेसारखी माती होती, आणि तिच्या अगदी वरून पाणी पाझरत होते. ती लाल माती पाणी खाली जाऊ देत नव्हती. म्हणजे वरच्या शेताच्या कडेला, जिथे हाच थर जमिनीखाली आठ-दहा फुटांवर असणार, तिथे खणले तर पाणी लागायला हवे. सरकारी विहीर नेमकी अखंड पाषाणात होती. पाटलांना सोयीची, पाण्याला नव्हे.

मी हे रुपरावांना सांगितले. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले, सगळे ऐकले, आणि मग बाबांकडे वळून म्हणाले, “साहेब, लेखी द्या. सही न् हुद्दा. मंग खणतो.”

बाबा पाराजवळ उभे राहिले. चाळीस घरांतली माणसे जमली होती. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितले: आम्ही सरकार नाही. मी निवृत्त कारकून आहे, ही माझी बायको, ही बहीण, ही मुलगी, तिला अजून नोकरी लागायची आहे. तुमचे हार मी चुकीने घेतले. अर्ज खरे आहेत, ते मी टपालाने पाठवीन. पण सही करायचा मला अधिकार नाही.

कोणी दचकले नाही. रुपराव म्हणाले, “ते आम्हाले दुसऱ्याच दिवशी समजलं.”

“कसं?”

“सरकारची बायको राखेनं भांडे घासते काय, साहेब? अन् सरकारचे लाडू वांदराइनं नेले तर सरकार आमचे कोंबडे नेते. तुम्ही तं उपाशी बसले.”

“मग बोलला का नाही?”

“पाव्हणे होते तुम्ही. अन् अर्ज बेस लिहून राहिले होते.” मग त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “लेखी नको. फकत एवढं सांगा. या पोरीले त्यातलं खरंच समजते काय? आमचे दहा माणसं दोन दिवस राबतीन. एक डाव हसू झालं गावाचं.”

सगळे बाबांकडे पाहत होते. मीही. माझ्या तेवीस वर्षांत या माणसाने कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर दिलेले मी ऐकले नव्हते; विचारणाऱ्याला ते उद्या यायला सांगत. त्यांनी वही उघडली, मिटली.

“हो,” ते म्हणाले. “समजतं.”

ते दोन दिवस मला आयुष्यात फार लांब वाटले. एका माणसाच्या एका शब्दावर दहा माणसे खणत होती, आणि तो शब्द माझ्या भरवशावर दिलेला होता. पहिल्या संध्याकाळी पाच फूट, कोरडे. मी खड्ड्याच्या कडेला बसून आकडेमोड पुन्हा केली, आणि ती बरोबर येत असल्यामुळे जास्तच घाबरले. इकडे कोमट पाण्याची बातमी पसरून पहाटे सगळ्या बायका घागरी घेऊन आत्याच्या खड्ड्यावर. माझी खात्री होती की आता पाचवी नापसंती. बाबाही वही घेऊन तयार होते. आत्या कमरेला पदर खोचून ओरडत होती, “ए बायजाबाई, रांग! लेकुरवाळ्या आधी! मार्तंडा, ते लिहिणं ठेव आणि त्या कोपऱ्यातल्या पोरीची घागर उचल, पोटुशी आहे ती.”

बाबांनी घागर उचलली.

दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, साडेआठ फुटांवर मुरूम ओला लागला. दुपारी तीनला खणणाऱ्याचे पाऊल बुडाले. लोक ओरडले ते तंबूपर्यंत ऐकू आले. रुपरावांनी ओंजळभर गढूळ पाणी आणून आधी मला नाही, बाबांना दाखवले. बाबांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी बैल आले, जीप निघाली. २४ ला सकाळी आम्ही परतीला लागलो. उत्तराचा तो शेवटचा दिवस होता. नरखेडहून तार केली तरच पोचणार. प्रयोगाच्या तिन्ही अटी मोडल्या होत्या आणि तशी नोंद होती. नियम मोडून बाबांनी कधी कोणाचे काम केले नव्हते, अगदी चंपतरावांचेही. मी मनात रायपूर शहराची लोकसंख्या आठवायचा प्रयत्न करू लागले.

नरखेडच्या पोस्टासमोर जीप थांबली. बाबा एकटेच उतरले आणि आत गेले. खिडकीपाशी त्यांनी तारेचा कागद घेतला, चष्मा लावला, आणि पेन हातात धरून तसेच उभे राहिले. पाच मिनिटे झाली.

“हा असाच उभा राहील आणि पोस्ट बंद होईल,” आत्या म्हणाली. आईने तिला हात धरून उतरवले, आणि पोस्टाच्या पायऱ्या चढताना तिने वाटेतल्या कोणालाही बाजूला हो म्हटले नाही. गर्दीतून तशीच धक्के खात गेली. आत दोघांचे काहीतरी जोरजोरात झाले. आम्हाला फक्त बाबांचे शब्द ऐकू आले: “ताई, नोंदलेली नापसंती मागे घेता येत नाही!” आणि त्यावर आत्याचे: “मागे कोण घेतंय? नापसंती आहेच! म्हणून तर मी स्वतः लक्ष ठेवणार!”

मला राहवेना, मी उतरून दारापर्यंत गेले. तार मास्तर पेन्सिलीने शब्द मोजत मोठ्याने वाचत होते. मजकूर इंग्रजीत होता, अक्षर बाबांचे. अर्थ असा: ‘कन्या रुजू होत आहे. सोबत आत्या. मोठा तंबू द्यावा.’

“साहेब,” मास्तर म्हणाले, “‘मोठा’ काढला तं एक शब्द वाचते.”

बाबांनी एकदा आत्याकडे पाहिले. ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती आणि रांगेतल्या लोकांना नीट उभे राहायला सांगत होती.

“नाही,” बाबा म्हणाले, “तो असू द्या.”